तिठ्यावरचा काजूगर

आमचे तळेरे मुंबई-गोवा महामार्गावरचा तिठा. एका अंगाला विजयदुर्ग बंदर, दुसऱ्या अंगाला घाट चढून कोल्हापूर. परक्या मालाचे इथे नवल नाही. काजूचे झाडसुद्धा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले. आता आपण त्याला अस्सल कोकणी म्हणतो!

जिल्ह्यात बी वाफवून फोडणारे छोटे कारखाने निघाले. साल काढायला, प्रतवारीला बहुतेक बायकाच. १३ ऑगस्ट २००९ रोजी भारताने आसियान देशांशी मुक्त व्यापाराचा करार केला, २०१० पासून तो लागू झाला. त्यात व्हिएतनाम होता. काजूगराच्या निर्यातीत त्याने आपल्याला २००६ मध्येच मागे टाकले होते. तिथे बी यंत्रे फोडतात. मग २०१९ मध्ये सरकारने अख्ख्या गराची किमान आयात किंमत किलोला ४०० वरून ७२० रुपये केली.

कुंपण हवेच. पण मला छोट्या कारखानदाराची खरी अडचण भांडवलाची वाटते. गावची बी मिळते उन्हाळ्यात, जेमतेम तीन महिने. वर्षाची खरेदी तेवढ्यात उरकायची. ज्याला ते झेपत नाही, त्याने पावसाळ्यात भट्टी थंड ठेवायची, नाहीतर आफ्रिकेतून आलेली बी घ्यायची. गर अडवा म्हणणाऱ्यालाच मग बी बाहेरची लागते.