इराण्याच्या खुर्चीचं कूळ

जुन्या सामानाच्या बाजारात खुर्ची आवडली की तिच्यावर बसून पाहण्याआधी मी ती उलटी करते. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात याचं कुणाला नवल वाटत नाही. बैठकीच्या गोल कड्याला आतल्या अंगाने बोट फिरवायचं, धूळ पुसायची आणि कडं उजेडाकडे धरायचं. नशीब असेल तर लाकडात डागलेली अक्षरं दिसतात: कुठे ‘टोनेट’, कुठे ‘कोहन’, तर कुठे नुसता कागदी चिठ्ठीचा पिवळा पडलेला तुकडा.

माझ्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती अशा चार खुर्च्या आहेत. चारही बंद पडलेल्या एका हॉटेलातल्या. बाजारात त्यांना ‘इराणी खुर्ची’ म्हणतात, पण त्या इराणच्या नाहीत. इराणात ‘कोर्सी’ हा शब्द आहे, मात्र तिथे त्याचा अर्थ निराळा. बुटकं टेबल, त्याखाली निखारे, वरून जाड रजई, आणि थंडीत घरातली माणसं त्या रजईत पाय घालून भोवती बसलेली, ती कोर्सी. आपण बसतो त्या खुर्चीला फारसीत ‘संदली’ म्हणतात. मराठी ‘खुर्ची’ आली अरबी ‘कुर्सी’वरून, फारसीच्या वाटेने. अरबीच्या मागे अरामी आहे आणि अरामीच्याही मागे अक्कदी भाषेतला ‘कुस्सू’. म्हणजे शब्द मेसोपोटेमियातून निघालेला. वस्तू मात्र ऱ्हाईनकाठच्या एका सुताराच्या डोक्यातून निघाली.

मिखाएल टोनेट 1796 मध्ये बोपार्ड या लहानशा गावी जन्मला. 1819 मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्या काळी खुर्चीच्या पाठीला बाक हवा असेल तर सुतार जाड फळीतून तो कापून काढत. त्यात लाकूड वाया जाई, आणि वळणाच्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या तुटल्यामुळे नेमकी तिथेच खुर्ची मोडे. टोनेटने 1830 च्या दशकात दुसरा मार्ग धरला. लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडी बांधायची, ती सरसात उकळायची आणि साच्यात वाकवून वाळवायची. अशा खुर्च्या त्याने 1841 मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात मांडल्या. तिथे त्या ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या नजरेस पडल्या आणि त्याने या सुताराला व्हिएन्नाला बोलावलं. टोनेट गेला. त्याच्यामागे बोपार्डचं दुकान देणेकऱ्यांच्या हाती पडलं. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर मुलाबाळांसह परक्या शहरात जाऊन, दुसऱ्याच्या हाताखाली लिख्टेनश्टाइन राजवाड्याच्या लाकडी जमिनी बसवण्यापासून त्याने पुन्हा सुरुवात केली. पुढे 1849 च्या सुमारास व्हिएन्नातल्या काफे डाउमने त्याच्या खुर्च्या घेतल्या. या घराण्याची पहिली मोठी गिऱ्हाइकी अशी एका कॉफीच्या हॉटेलातली होती. 1853 मध्ये त्याने कारभार आपल्या पाच मुलांच्या नावे केला.

अडचण होती सरसाची. दूरदेशी पाठवलेल्या खुर्च्या दमट हवेत उकलायच्या, सरस ओल धरायचा आणि पट्ट्या सुटायच्या. मुंबईच्या जुलैत ज्याने कपाट उघडून पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून पट्ट्या नकोत, सरस नको, अखंड दांडाच वाकवायचा, असं टोनेटने ठरवलं.

हे बोलायला सोपं आहे. ओली फांदी गुडघ्यावर वाकवून पाहा, आतली बाजू चुरमडते आणि बाहेरची साल फाटते. लाकूड वाफेवर ठेवलं की मऊ होतं आणि पुष्कळ दाबून घेतं, पण ताण मात्र फारच थोडा सोसतं. त्यामुळे वाकवताना ते नेहमी बाहेरच्या अंगाला फुटतं. टोनेटचा उपाय मला आजही अचंबित करतो. त्याने दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडाची पातळ पट्टी लावली आणि दोन्ही टोकांना ती घट्ट जखडली. आता बाहेरच्या अंगाला लांबायला वावच उरला नाही. सगळं वळण लाकडाने आत दाबून घ्यायचं, म्हणजे जे त्याला जमतं तेच करायचं. वाफेवरून काढलेला दांडा गार होण्याआधी दोन-तीन माणसांनी मिळून लोखंडी साच्याभोवती वळवायचा, बांधायचा आणि साच्यासकट वाळायला ठेवायचा. वाळला की तो आकार कायमचा. या पद्धतीचा परवाना 1856 मध्ये मिळाला. कारखाना व्हिएन्नात न काढता मोरेव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, कोरिचानी गावी काढला, कारण तिथे बीच या झाडाची जंगलं होती. बीचचं लाकूड दाट आणि एकसारखं असतं, गाठी कमी, वाफेला चांगलं वश होणारं. पाठोपाठ 1861 मध्ये बिस्त्रित्से गावी दुसरा कारखाना उभा राहिला. तिथे आजही अशा खुर्च्या वाकवल्या जातात, कंपनीचं नाव तेवढं बदललं.

1859 मध्ये आलेली 14 नंबरची खुर्ची ही या सगळ्याची पूर्ण झालेली आकृती. लाकडाचे फक्त सहा तुकडे. मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एकच लांब वळसा, त्याच्या आत दुसरी लहान कमान, बैठकीचं कडं, पायांना बांधणारं खालचं कडं आणि पुढचे दोन पाय. जोडणीला दहा स्क्रू आणि दोन नट. बैठक वेताच्या विणीची. तुकडे सुटे ठेवले की एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. ज्या गावी जायच्या तिथे खोकं उघडायचं आणि पाने घेऊन बसायचं. 1930 पर्यंत या एका नमुन्याच्या पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असं सांगतात. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने 1925 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आपल्या नमुना घरात नव्या खुर्च्या घडवून न घेता याच घराण्यातली वाकवलेल्या लाकडाची हातवाली खुर्ची मांडली. सजावटीच्या दुकानांत आज ज्याला ‘मॉडर्न’ म्हणतात त्याची बीजं या मोरेव्हियातल्या कारखान्यांत आहेत असं मी मानते. कापून फेकलेलं लाकूड नाही, चिकटवलेली नक्षी नाही. जी रेघ भार पेलते तीच डोळ्यांना दिसते.

1869 या वर्षाशी मी नेहमी थांबते. त्या वर्षी टोनेटांचा एकाधिकार संपला आणि जेकब व योसेफ कोहन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी त्याच पद्धतीने खुर्च्या काढू लागले. माल वाढला, किंमत उतरली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. ऑस्ट्रियाच्या त्रिएस्त बंदरातून ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या आगबोटी कालव्यातून थेट मुंबईला येऊ लागल्या. सुटी होणारी, हलकी, स्वस्त आणि सरसाच्या भरवशावर न राहणारी खुर्ची मुंबईसारख्या शहरासाठीच मुद्दाम घडवली असावी, असं वाटावं इतका हा मेळ जुळला.

त्याच सुमारास, 1870 ते 72 च्या काळात, इराणात भीषण दुष्काळ होता. त्याआधी आणि नंतरही यझ्द व केरमान भागातली झरथुष्ट्री माणसं तिथल्या हलाखीला आणि छळाला कंटाळून मुंबईला येत राहिली. काही मुसलमान इराणीही आले. आधी चहाची किरकोळ विक्री, मग कोपऱ्यावरची हॉटेलं. धोबीतलावचं कयानी 1904 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. संगमरवरी टेबलं, आरसे, काचेच्या बरण्या आणि या खुर्च्या. पुण्याच्या डेक्कनवर 1935 मध्ये गुडलक निघालं. इराण्यांनी हीच खुर्ची का निवडली याचं कारण मला तिच्या अंगावरच दिसतं. एका हाताने उचलून टेबलावर उलटी ठेवता येते, म्हणजे फरशी धुवायला जागा मोकळी. कोपरेच नसल्याने ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. आणि चहा सांडला तर वेताच्या भोकांतून खाली जातो.

आता पुन्हा त्या उलट्या खुर्चीकडे. शिक्क्यात ‘ऑस्ट्रिया’ असेल तर ती 1918 पूर्वीची समजावी. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर त्यानंतरची, कारण तो देशच 1918 मध्ये जन्मला. पोलंडचा शिक्का असेल तरी तेच. मुंबईच्या इराणी हॉटेलांत पोलिश आणि चेक खुर्च्यांची गोष्ट अजून मालक सांगतात, त्या बहुतेक दोन महायुद्धांमधल्या काळातल्या. जुनी साम्राज्यं मोडली, कारखाने मात्र आपल्या जागीच राहिले, फक्त शिक्के बदलले.

शिक्का नसेल तर रेषा पाहावी. खरी वाकवलेली खुर्ची असेल तर लाकडाची रेषा वळणाबरोबर वळत जाते, नदीने काठाबरोबर जावं तशी. फळीतून कापून जोडलेली नक्कल असेल तर वळणावर रेषा तुटते आणि जोड दिसतो. सागवानी नकला टिकाऊ असतात, त्यांना मी नाव ठेवत नाही, पण कूळ वेगळं. बीचचं एक वाईट, त्याला कीड लवकर लागते. पायाशी बारीक भोकं असतील आणि टिचकी मारल्यावर पीठ गळत असेल तर तो पाय आतून पोकळ झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातून माल येणं थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं आली. हॉटेलांना आहे त्या खुर्च्याच सांभाळाव्या लागल्या. माझ्या चारांपैकी एकीच्या पाठीला लोखंडी पट्टी आहे, दुसरीच्या बैठकीवर वेताऐवजी प्लायवूडचं भोकांचं ताट, तिसरीचा एक स्क्रू पितळी आणि बाकीचे लोखंडी. कुणीतरी रात्री हॉटेल बंद झाल्यावर हे केलं असणार. या दुरुस्त्या काढून टाकून खुर्ची ‘पूर्वीसारखी’ करावी असं मला दुकानात सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. पूर्वीसारखी म्हणजे नेमकी कुठल्या वर्षासारखी?

रंगाबाबत मात्र मी हट्टी झाले. खुर्च्यांवर तपकिरी तेलरंगाचे थर होते, वळणांमध्ये साचून जाड झालेले. रंग काढायचं औषध लावून, लाकडी पट्टीने हलक्या हाताने खरवडत आठ दिवस गेले. यंत्र अजिबात लावलं नाही, कारण गोल दांड्यावर यंत्राची चकती फिरली की तो चपटा होतो आणि टोनेटची रेघ गेली. शेवटच्या थराखाली लालसर काळी झाक निघाली. बीच हे फिकं लाकूड. महोगनी किंवा शिसवासारखं दिसावं म्हणून कारखान्यातच ते रंगवत. आणि त्या रंगावर लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं फिरवलं तेव्हा ते विरघळून कापडावर आलं, मधासारखं.

इथे गोष्ट घराकडे वळते. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेचं कवच बांधतात त्यातून चपडा होतो, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की आपल्याकडचे कारागीर ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते तयार होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सुतारांना लाख मिळायची ती मुख्यतः हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून. म्हणजे मोरेव्हियातल्या बीचवर झारखंडाकडची लाख चढली आणि ती खुर्ची आगबोटीने मुंबईला आली. छोटा नागपूरच्या रानात फांद्या खरवडणाऱ्यांना ती कुठे चालली हे कोण सांगणार होतं!

म्हणून माझ्या खुर्च्यांवर पुन्हा चपडाच. पॉलिशवाल्याने आजकालचं चकचकीत पॉलिश मारून देतो म्हटलं, एका दिवसात काम झालं असतं. ते पाण्याला आणि गरम कपाला जास्त दाद देत नाही हेही खरं. चपड्यावर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो. पण चपड्याचा नवा हात जुन्या हाताला स्पिरिटमुळे विरघळवून घेतो, दोन्ही एक होतात. दहा वर्षांनी ओरखडा पडला तर तेवढ्याच जागेवर हात मारता येतो. वरचा चकचकीत पापुद्रा एकदा उचकटला की सगळी खुर्ची पुन्हा खरवडावी लागते. त्या पॉलिशवाल्या काकांनी शेवटी कापसाची गादी करून, तिला तेलाचं बोट लावून, लहान लहान गोल फिरवत सात हात चढवले. दोन हातांमध्ये एक रात्र. पावसाळी हवा असती तर त्यांनी काम घेतलंच नसतं, दमट हवेत चपडा धुरकट होतो.

वेत विणायला जाणकार हात शोधावे लागले. पूर्वी अंधशाळांमधून हे काम शिकवलं जाई, आणि बोटांनी भोकं मोजत सहा दिशांची वीण घालणारे कारागीर शाळा-कचेऱ्यांच्या खुर्च्या विणून देत. आता तयार जाळी कड्यात ठोकून देणारे पुष्कळ, भोकाभोकातून विणणारे थोडे. माझ्याकडच्या दोन बैठका भोकाभोकातून विणलेल्या आहेत, एकीला जाळी आहे, आणि प्लायवूडच्या ताटाला मी हात लावलेला नाही. त्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगात 27 हा आकडा आहे. हॉटेलातला तिचा नंबर असावा. काकांना सांगून तेवढी जागा पॉलिशमधून सोडवून घेतली.

दर दिवाळीआधी, पावसाची ओल उतरली की, मी चारही खुर्च्या सतरंजीवर उलट्या ठेवते आणि एकेक स्क्रू आवळते. पितळी स्क्रू नेहमी सगळ्यांत आधी सैल झालेला असतो.