विद्युत्-अपघटित जल : दंतचिकित्सेतील उपयोग

मिठाच्या सौम्य द्रावातून विद्युत्-प्रवाह सोडला असता धनाग्रावर निर्माण होणारा क्लोरीन पाण्याशी संयोग पावून हायपोक्लोरस अम्ल हे प्रभावी जंतुनाशक तयार होते. अशा पाण्यास विद्युत्-अपघटित जल म्हणतात. सामू ५ ते ६.५ असता हे अम्ल बहुतांशी अविघटित राहते व जंतूंच्या पटलातून सुलभतेने आत शिरते. दंतवैद्याच्या खुर्चीस जोडलेल्या बारीक नळ्यांत पाणी रात्रभर साचून आतील पृष्ठावर जंतूंचा चिकट थर धरतो आणि तेच पाणी सकाळी तुषाररूपाने रुग्णाच्या मुखात जाते. म्हणून त्या नळ्यांच्या, तसेच दातांच्या ठशांच्या शुद्धीसाठी हे जल योजतात. चिमट्यांसारख्या हत्यारांना मात्र दाबाखालील वाफेचेच निर्जंतुकीकरण आवश्यक होय.

हे जल तयार करताना स्थानिक पाण्याचाही विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, वाशीम जिल्ह्याची भूमी बसाल्ट खडकाची असल्याने तेथील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात आणि हे जल बनविणाऱ्या यंत्राच्या ऋणाग्रावर त्यांची पुटे चढतात. सबब कारंजा, रिसोड यांसारख्या तालुक्याच्या गावी असे यंत्र बसविताना पाणी आधी मृदू करून घेणे, आणि प्रकाश व उष्णता यांनी जंतुनाशक सामर्थ्य घटत असल्यामुळे तयार झालेले जल ताजेच वापरणे, अगत्याचे ठरते.