जिवाणूंची कणगी

2018 सालच्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या वाण्याने एका हिरवट पिशवीत डाळ दिली. पिशवीवर ‘विघटनशील’ असा शब्द छापलेला होता. मी ती धुऊन गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. वर्षभराने माती बदलताना ती पुन्हा वर आली. रंग उडाला होता, पण छापलेला शब्द नीट वाचता येत होता.

खरोखर मातीत मिसळणारं प्लास्टिक असतं तरी का, या कुतूहलापोटी मी वाचायला सुरुवात केली. उत्तर मिळालं : असतं. जिवाणू ते स्वतःच्या पोटात तयार करतात आणि माणसाला ते सापडून शंभर वर्षं होत आली. मग ते वाण्याच्या दुकानात का पोचलं नाही, हा प्रश्न मात्र उत्तरापेक्षा मोठा निघाला.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. पाश्चर संस्थेतले मॉरिस लमवान्य ‘बॅसिलस मेगाटेरियम’ या मातीतल्या जिवाणूचा अभ्यास करत होते. हे जिवाणू नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवले की पाणी आंबट होई. हे आम्ल येतं कुठून, याचा माग काढत ते पेशीतल्या एका पदार्थापर्यंत पोचले. एकाच आम्लाचे रेणू साखळीसारखे जोडले जाऊन तो बनला होता. 1926 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या पदार्थाचं आजचं नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, संक्षेपाने पीएचबी. पण तो काळ असा होता, की इतक्या लांब साखळ्यांचे रेणू असू शकतात हे हर्मान स्टाउडिंगर सांगत होते आणि बरेच रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. लमवान्य यांच्या शोधाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

जिवाणू हे का साठवतात, याचा उलगडा 1958 साली एडिंबरो विद्यापीठात मॅक्री आणि विल्किन्सन यांनी केला. साखर भरपूर आणि नायट्रोजन कमी, अशी स्थिती आली की जिवाणूला वाढता येत नाही. मग तो हाती आलेल्या साखरेचं पीएचबी करून ठेवतो. पुढे उपासमार झाली की तेच मोडून खातो. आपल्याकडे सुगीनंतर कणगी भरून ठेवत, तसाच हा प्रकार. हे प्लास्टिक मातीत आणि समुद्रातही विघटित होतं त्याचं कारण इथेच आहे. अशी साखळी तोडणारी विकरं निसर्गात अनेक सूक्ष्मजीवांकडे आहेत. त्यांच्या लेखी ते अन्न आहे.

अमेरिकेतल्या डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने याच सुमारास पीएचबीच्या वस्तू करून पाहिल्या. उत्पादन अपुरं पडलं, माल ठिसूळ निघाला, प्रयत्न सोडून दिला गेला. 1973च्या तेलसंकटाने चित्र बदललं. खनिज तेल महागणार या हिशेबाने ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तो धागा पुन्हा उचलला. या कंपनीकडे जिवाणू वाढवण्याची विद्या होती. बिलिंगहॅम इथे ती मिथेनॉलवर जिवाणू पोसून पशुखाद्य करत होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी साखरेबरोबर जिवाणूंना प्रोपिऑनिक आम्लही दिलं, तेव्हा साखळीत दुसरा घटक मिसळून ठिसूळपणा कमी झाला. या मालाला ‘बायोपॉल’ असं नाव मिळालं. 1990 साली जर्मनीत वेला कंपनीने बायोपॉलच्या बाटलीत शाम्पू विकायला आणला. लमवान्य यांच्या शोधानंतर 64 वर्षांनी.

पण तोवर तेल पुन्हा स्वस्त झालं होतं. बायोपॉलचा दर किलोला 16 डॉलरच्या घरात, म्हणजे साध्या पॉलिप्रोपिलीनच्या सतरा-अठरा पट होता. एक किलो पीएचबीला सुमारे तीन किलो साखर लागते. शिवाय टाक्या निर्जंतुक करणं, हवा खेळवणं, पेशी फोडून माल वेगळा काढणं, हे खर्च वेगळेच. पुढचा इतिहास मालकबदलाचा आहे. आयसीआयकडून झेनेका, 1996 साली मोन्सँटो, 2001 साली मेटाबोलिक्स. मेटाबोलिक्सने एका मोठ्या धान्यकंपनीच्या भागीदारीत आयोवा राज्यात वर्षाला 50 हजार टन क्षमतेचा कारखाना उभारला. 2012च्या जानेवारीत भागीदाराने अंग काढून घेतलं.

दरम्यान एक बोचरा प्रश्नही पुढे आला होता. पूर्वी मेटाबोलिक्समध्येच काम केलेल्या टिलमन गर्नग्रॉस यांनी 1999 साली हिशेब मांडला : मका पिकवण्यापासून माल वेगळा करण्यापर्यंतची ऊर्जा धरली, तर या ‘हिरव्या’ प्लास्टिकला साध्या पॉलिस्टायरीनपेक्षा जास्त खनिज इंधन लागतं. हे वाचून मी खट्टू झालो होतो. मात्र तो हिशेब अमेरिकी मक्याचा आणि खनिज इंधनावरच्या विजेचा होता. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला जोडूनच पीएचबीचा प्रायोगिक प्रकल्प चालवला गेला. साखर तिथलीच, वाफ आणि वीज चिपाडं जाळून मिळालेली. ऊस, चिपाडं आणि मळी महाराष्ट्राला शिकवायला नको. त्यामुळे हे उदाहरण आपण तरी बारकाईने वाचायला हवं.

एका ठिकाणी हा पदार्थ टिकला आहे : शस्त्रक्रियागृहात. याच कुळातल्या पॉलिमरच्या, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याला 2007 साली अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली. तिथे किलोचा भाव कुणी विचारत नाही. धागा आत राहिला तर काय होईल, हा खर्च आधीच हिशेबात धरलेला असतो.

पिशवीच्या बाबतीत आपण तो धरत नाही. 26 जुलै 2005च्या प्रलयात मुंबईची गटारं तुंबल्याचा ठपका पिशव्यांवरही आला. पण गटार उपसण्याचा खर्च पिशवीच्या किमतीत कधीच नव्हता. तेलाच्या भावाशी तुलना होत राहिली तोवर जिवाणूंचं प्लास्टिक दर वेळी महागच ठरलं. दोष फक्त जिवाणूंच्या मालाचा होता असं मला आता वाटत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पूर्ण माप कधी घातलंच गेलं नाही.

कुंडीतली ती पिशवी मी जपून ठेवली आहे. त्या कुंडीला मात्र आता शेणखत घालतो.