विरल मृत्तिका, जल आणि चुंबक

'विरल मृत्तिका' हे नामाभिधान मुळातच फसवे आहे. या वर्गातील सीरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. विरळ होती ती या मूलद्रव्यांची परस्परांपासून फारकत. योहान गाडोलिन याने १७९४ मध्ये स्वीडनमधील इटरबी येथील काळ्या खनिजातून जी नवी मृत्तिका काढली, ती अनेक मृत्तिकांचे मिश्रण आहे, हे मोसांडर याने १८४३ मध्ये दाखविले. पुढे शुद्ध थुलियम मिळविण्यासाठी चार्ल्स जेम्स याला सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण करावे लागले (१९११). या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु तिच्या मुळाशी निसर्गाचा हट्ट होता. या सर्वांचे आयन बहुधा त्रिसंयुजी असतात आणि लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत त्यांची त्रिज्या १.०३ वरून ०.८६ अँगस्ट्रॉमपर्यंतच उतरते.

१९४० च्या दशकात एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांनी आयन-विनिमय स्तंभांनी ही कोंडी फोडली. मात्र स्तंभाला स्वच्छ द्रावण लागते. गढूळ पाण्याने तो तुंबतो. अधिशोषक कण पाण्यात मोकळे सोडावेत, तर ते परत गोळा कसे करावयाचे? कणाचा गाभाच मॅग्नेटाइटचा केला, की चुंबक ते काम करतो. या युक्तीची मोठी उदाहरणे आधी पेयजलाच्या शुद्धीकरणात आढळतात. ऑस्ट्रेलियातील 'सिरोफ्लॉक' पद्धतीत मॅग्नेटाइटचे कण मळ धरून झपाट्याने तळाशी बसत व धुऊन पुन्हा वापरले जात.

२०१० मध्ये चीनने निर्यात आखडल्यावर भाव कडाडले आणि संशोधकांची दृष्टी पाण्याकडे वळली. त्याच दशकात अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने भूऔष्णिक लवणजलासाठी अशा चुंबकी कणांवर काम केले. सागराचा मोह येथे आवरावा लागतो: लिटरमागे ५ नॅनोग्रॅम लँथॅनम धरले, तरी १ ग्रॅमसाठी २० कोटी लिटर पाणी हाताळावे लागेल. खाणींच्या आम्ल सांडपाण्यात प्रमाण पुष्कळ अधिक असते. पण तेथे लोह व ॲल्युमिनियम यांचे आयन कणावरील जागा आधीच अडवितात. शिवाय धरलेले धातू सोडविण्यासाठी वापरलेले आम्ल मॅग्नेटाइटलाही विरघळविते, म्हणून त्यावर सिलिकेचे कवच चढवितात.

चुंबक निवड करीत नाही. तो केवळ कण ओढतो. निवड करावयाची ती कवचावर जोडलेल्या सेंद्रिय गटांनी, आणि तेही शेजारच्या दोन मूलद्रव्यांत फारसा भेद करू शकत नाहीत. त्यामुळे पाण्यातून काढलेला हा ऐवज अखेरीस द्रावक-निष्कर्षणाच्या लांबलचक साखळीकडेच सोपवावा लागतो.