वीजमीटर, घरगुती : वाचन आणि सुरक्षा

घरात वापरलेली वीज युनिटांत मोजणारे उपकरण. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५५ नुसार योग्य मीटर बसवल्याशिवाय वीजपुरवठा करता येत नाही.

जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरते. विजेचा वापर वाढला की तिचा वेग वाढतो आणि कायम चुंबक तिला आवरून धरतो. हंगेरीच्या ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये असा मीटर पुढे आणला आणि शतकभर तोच चालला. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकतीऐवजी छोटा लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा मीटरच्या दर्शनी भागावर छापलेला असतो. ३२०० हा नेहमी दिसणारा.

वाचन सोपे आहे, पण चूक होते ती ठरलेल्या जागी. चकतीच्या मीटरवर शेवटचा, वेगळ्या रंगाचा आकडा दशांशाचा असतो. तो पूर्णांकात धरला तर बिल दसपट होते. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी असे बरेच काही आळीपाळीने सरकते. त्यातला किलोवॉट-तास लिहिलेला आकडाच टिपायचा. मागील रीडिंग ४२१६ आणि चालू ४३८८ असेल, तर वापर १७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची महाग; त्यामुळे दोन महिन्यांचे वाचन एकदम झाले, तर टप्पेही दोन महिन्यांचे धरले गेलेत का, हे बिलावर पाहावे. दाराला कुलूप असेल तर सरासरी बिल येते. ते सलग येऊ लागले की ग्राहकाने स्वतः फोटो काढून ॲपवर रीडिंग पाठवणे बरे.

मीटर पळतोय अशी शंका बहुतेक वेळा जुन्या फ्रिजवर किंवा नळाच्या पंपावर जाऊन थांबते. तरी घरी पडताळा घेता येतो. सगळे बंद करून १०० वॉटचा एकच बल्ब लावला, तर ३२०० च्या मीटरचा दिवा साधारण ११ सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मेन स्विच चालू, उपकरणे बंद आणि दिवा तरीही लुकलुकतो, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा शेजारच्याची जोडणी आपल्या मीटरवर आहे. मीटरमध्येच दोष वाटला, तर वीज कंपनीकडे चाचणीचा अर्ज करावा.

मीटर ग्राहकाच्या आवारात असेल तर शक्य तेवढी काळजी ग्राहकाने घ्यायची आणि आवाराबाहेर असेल तर जबाबदारी वीज कंपनीची, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २००६ चे विनियम सांगतात. चाळीत जिन्याखालच्या मीटरपेटीत रद्दी आणि रंगाचे डबे कोंबलेले असतात; आग लागते ती अशा ठिकाणी. सैल पडलेल्या स्क्रूपाशी तार तापते, प्लॅस्टिक काळवंडते, जळका वास येतो. मात्र कंपनीच्या सीलला आपण किंवा आपल्या वायरमनने हात लावू नये. सील तुटलेले दिसताच लेखी कळवून पोच घ्यावी, कारण मीटरमधील फेरफार कलम १३५ खाली वीजचोरी ठरते आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चुंबक लावण्याची जुनी युक्ती तर आता उलटते. नवे मीटर ती छेडछाड तारीख-वेळेसह नोंदवून ठेवतात.