उपकरणांच्या निद्रेचा क्रम

मुंबईच्या उपनगरांत संगणकाचा व्यवसाय रुजला तो मुख्यतः १९७३ मध्ये अंधेरीत स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात, आणि त्याला लागणारे शिक्षण पवईच्या आयआयटीत व पुढे जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत मिळू लागले. परंतु वातानुकूलित खोलीतील त्या काळची मोठी यंत्रे चालू तरी असत किंवा बंद तरी. आयआयटीतील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांची पाठ्यपुस्तके ज्या पिढ्यांनी अभ्यासली, त्यांच्या अभ्यासक्रमाचा गाभा प्रक्रिया, स्मृती आणि फायली यांचे व्यवस्थापन हा होता. निद्रेचा प्रश्न लॅपटॉपने आणला.

१९९२ च्या एपीएम पद्धतीत संगणक झोपवण्याचे बहुतांश काम बायोस, म्हणजे यंत्रातच कोरलेली प्राथमिक आज्ञावली, करीत असे. १९९६ मध्ये आलेल्या एसीपीआय या मानकाने ती जबाबदारी कर्नलवर, म्हणजे यंत्रणेच्या मूळ आज्ञावलीवर, टाकली, आणि प्रत्येक उपकरण हाताळणाऱ्या ड्रायव्हरला कोणत्या क्रमाने निजवायचे व उठवायचे, हे कर्नललाच ठरवावे लागले. डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ मध्ये उपकरणांची रचना वृक्षासारखी मानलेली होती: यूएसबी नियंत्रक पालक, त्याला जोडलेली डिस्क अपत्य. पालकाची नोंदणी आधी होत असल्याने नोंदणीच्या यादीतून शेवटाकडून सुरुवातीकडे येत उपकरणे निजवली आणि सुरुवातीकडून उठवली, की पालक झोपल्यावर अपत्य उघडे पडण्याचा धोका टळत असे. नियम सुटसुटीत होता. मात्र नोंदणीचा क्रम म्हणजेच अवलंबनाचा क्रम, हे त्यामागचे गृहीतक होते.

मोबाइलच्या चिपांनी ते मोडले. तेथे स्पर्शपडद्याची माहिती एका वाहिनीवरून येते, तर वीज वेगळ्याच नियामकाकडून. म्हणजे वृक्षात पालक एकच, पण आधार दोन. २०१२ मध्ये ३.४ आवृत्तीत आलेल्या सोयीने, आवश्यक उपकरण तयार नसल्यास ड्रायव्हरला आपली सुरुवात पुढे ढकलता येऊ लागली, आणि असे उपकरण पुन्हा सुरू करताना यादीच्या शेवटी हलवले जाऊ लागले. हा उपाय चतुर खरा, पण त्यात अवलंबन कोठेच लिहिलेले नव्हते. त्याआधी, २००९ च्या अखेरीस, झोपेचा वेळ वाचवण्यासाठी अनेक उपकरणे एकाच वेळी निजवण्याचा कर्नल-विकासक राफाएल विसोत्स्की यांचा प्रस्ताव लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गुंतागुंतीच्या कारणाने अडवला होता. सुधारित रूप २०१० मध्ये स्वीकारले गेले, आणि समांतर कामात केवळ यादीवर विसंबणे अशक्य झाले.

विसोत्स्की यांनीच फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत पुरवठादार व ग्राहक उपकरणांतील दुवे उघडपणे नोंदवण्याची सोय केली. हा उपाय आधीच्या सर्व डागडुजीपेक्षा सरस ठरतो, कारण त्यात क्रम योगायोगावर सोडलेला नाही. जुनी यादी मात्र काढून टाकलेली नाही; दुवा नोंदला की ग्राहक उपकरण तिच्यात पुरवठादाराच्या मागे सरकवले जाते.