आगोट : तळोज्याच्या स्वयंपाकघरातील काटकसरीचा इतिहास

१/
मे महिना उतरणीला लागला की तळोज्याच्या जुन्या गावठाणांत अंगणे, ओटे आणि आता गच्च्याही भरून जातात. कुठे मिरच्या आणि हळकुंडे, कुठे कैरीच्या फोडी, कुठे जवळा आणि सुकट वाळत पडलेली दिसते. आगरी-कोळी समाजात या तयारीला एक जुना शब्द आहे : आगोट. घरखर्च सांभाळण्याची ही रीत कशी घडली, ती कशाच्या आधारावर उभी होती आणि तो आधार कसा सुटला, याविषयीचा हा धागा. 🧵

२/
आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. पुढे त्या सुमारास घरात भरून ठेवायच्या जिनसांनाही हेच नाव पडले. 'आगोटीचं सामान भरलं का?' हा प्रश्न मे महिन्यात कोकणातील बायका एकमेकींना सहज विचारत. त्या एका प्रश्नात घराची सांपत्तिक स्थिती, गृहिणीची दूरदृष्टी आणि पुढच्या चार महिन्यांची निश्चिंती, तिन्हींची चौकशी होऊन जाई.

३/
तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद ही पनवेल तालुक्यातील जुनी गावे. जवळून कासाडी नदी वाहते आणि खाडीला मिळते. या पट्ट्याचे जीवन तीन गोष्टींवर चाले : बांध घालून भरतीचे पाणी अडवलेली भातशेती, खाडीतील मासळी आणि किनाऱ्याकडील मिठागरे. भात, मासळी आणि मीठ ही तिन्ही घराच्या आसपासच मिळत. रोख पैसा मात्र फारसा मिळत नसे. इथल्या काटकसरीला वळण लागले ते या परिस्थितीमुळे.

४/
चार महिन्यांची बेगमी का? जून उजाडला की समुद्र खवळे, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मोठी मासेमारी थांबे. (आजही यांत्रिक नौकांना महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते.) वाटा चिखलात बुडत. मीठ पिकवणे पावसाआधीच संपे. लावणीच्या दिवसांत बाजाराला जाण्याइतकी उसंतही कोणाला नसे. म्हणजे ज्या काळात भूक सर्वांत जास्त, त्याच काळात माल दुर्मीळ आणि महाग.

५/
उपाय सरळ होता. जिन्नस विपुल आणि स्वस्त असताना घ्यायची, उन्हाच्या जोरावर टिकवायची आणि महागाईच्या दिवसांत काढायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर वाळवले जात. जवळा, सुकट, वाकट्या, सोडे, खारे बांगडे अशी सुकी मासळी उरण-अलिबागच्या किनाऱ्यावरून येई. अनेकदा तिची किंमत पैशांत दिली जात नसे. कोळीण मासळी देई आणि शेतकरीण भात मापून देई.

६/
धान्याचेही शास्त्र होते. भात कुडाच्या, शेणाने सारवलेल्या कणगीत साठवले जाई किंवा पेंढ्याच्या मुड्यांत घट्ट बांधले जाई. कडधान्याला राख चोळत, धान्यात कडुनिंबाचा पाला घालत. नव्या तांदळापेक्षा जुन्याला मान अधिक, कारण तो शिजताना जास्त फुगतो आणि तेवढ्याच मापात एक पान अधिक वाढले जाते. तांदूळ जुना करून खाणे ही चैन वाटली, तरी हिशेबाने ती बचतच होती.

७/
वाया जाणे ही कल्पनाच या घरात फारशी नव्हती. सडताना पडलेली कणी पेजेला किंवा भाकरीला, कोंडा कोंबड्यांना व गुरांना, पेंढा वैरणीला आणि छपराला, चुलीतील राख भांड्यांना. कैरीची आंबोशी होई आणि चिंच मिठात दाबून ठेवली जाई, म्हणजे आमटीच्या आंबटपणासाठी वर्षभर पैसा मोडावा लागत नसे. ताजी मासळी नसली तरी मूठभर जवळा घातला की वालाच्या आमटीला किंवा साध्या वांग्याला चव येई.

८/
हे सारे एकटीने होणारे काम नव्हते. शेतात जशी 'सावड' असे, म्हणजे आज तुझ्या शेतावर आम्ही आणि उद्या आमच्या शेतावर तू, तशीच ती पापड, फेण्या, कुरडया आणि मसाल्यालाही असे. दहा घरच्या बायका एका ओट्यावर जमत आणि दहा घरांचे डबे पाळीपाळीने भरले जात. या श्रमाचा दाम कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही. तरी घरखर्चातील मोठा वाटा त्यानेच वाचवला.

९/
आगोट भरली नाही तर काय होई? इथे हा विषय केवळ पाककौशल्याचा राहत नाही. श्रावणात कणगी रिकामी झाली की सावकाराच्या दारी जावे लागे. धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे : पावसात एक मण घेतले, तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. अवघ्या काही महिन्यांत २५ ते ५० टक्के वाढ. पुढच्या पिकातून हे देणे वळते झाले की पुढची आगोटही अपुरी. रिकाम्या कणगीतून कर्ज आणि कर्जातून रिकामी कणगी, असा हा फेरा होता.

१०/
म्हणून काटकसरीचा उपदेश करणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायला हवा : वाचवायला हातात किती उरत होते? जुन्या कुलाबा जिल्ह्यात अनेक कुळांच्या पिकाचा मोठा वाटा खोताच्या किंवा सावकाराच्या अंगणात जाई. कितीही राख चोळली, कितीही कणी जपली, तरी कणगीत न आलेले भात गृहिणी साठवणार कसे?

११/
या प्रश्नाचे उत्तर अलिबाग तालुक्यातील चरी येथे दिले गेले. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी खोतांची शेते कसायला नकार दिला. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेतात पीक नाही. मोलमजुरी, लाकूडफाटा आणि खाडीतील मासळी यांवर घरे तगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एरवी कमी पैशांत निभावण्याची शिकवण देणारी स्वयंपाकघरे इथे संपाचे बळ ठरली.

१२/
पुढचा धक्का दूरवरून आला. मुंबई इलाख्याला ब्रह्मदेशातील तांदळाचा मोठा आधार होता. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ती आवक थांबली. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. ठरलेले माप, ठरलेला दर आणि हातात शिधापत्रिका. ज्या शहराला अंगण नव्हते आणि कणगीही नव्हती, त्याच्यासाठी साठवणुकीची जबाबदारी सरकारी गोदामाने घेतली.

१३/
स्वातंत्र्यानंतर कुळांचे दिवस पालटले. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' यांमुळे कसणाऱ्याकडे जमिनीची मालकी आली. अनेक घरांत प्रथमच असे झाले की पिकलेले भात कोणाच्या दारी न जाता थेट आपल्या कणगीत पडले. आगोट आता खऱ्या अर्थाने पूर्ण भरण्याची शक्यता निर्माण झाली.

१४/
पण हा काळ अल्प ठरला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे तळोज्यात मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांचा परिसर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, नव्या मुंबईसाठी निश्चित झाला. कृषक दिनापासून सिडकोपर्यंत मोजली तर वर्षे भरतात अवघी १३.

१५/
मोबदल्याचा प्रश्न पेटला. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याच्या धोरणामागे हा लढा आहे.

१६/
या इतिहासात भावाची चर्चा पुष्कळ होते, कणगीची क्वचितच. जमीन गेली तेव्हा शेताबरोबर वर्षाचा तांदूळ गेला, कोंडा गेला म्हणून कोंबड्या कमी झाल्या, पेंढा गेला म्हणून गुरे गेली, गुरे गेली म्हणून दूध आणि शेणी विकत आल्या. पूर्वी ज्या जिनसांना किंमतच नव्हती, त्यांची आता महिन्याची यादी झाली. मोबदल्याची रक्कम एकदाच आली. ही यादी मात्र दर महिन्याला आली.

१७/
खाडीचेही तसेच झाले. औद्योगिक सांडपाण्याने कासाडी दूषित झाली आणि तिच्यावर जगणाऱ्या मच्छीमारांची जाळी रिकामी होऊ लागली. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रात अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री दिसली आणि ती छायाचित्रे जगभर पोहोचली. कुत्र्यांची बातमी झाली. पण भाताबरोबरचे फुकटचे कालवण देणारी नदी त्याच्या फार आधीच घराच्या हिशेबातून वजा झाली होती.

१८/
याच सुमारास खाडीपलीकडची मुंबई आपली वेगळी वाट शोधत होती. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, साखर, रॉकेल सारेच कडाडले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींच्या पुढाकाराने महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली आणि थाळ्या-लाटण्यांचे मोर्चे निघाले. लाटणे, जे घरात काटकसरीचे हत्यार होते, ते रस्त्यावर मागणीचे चिन्ह बनले. महागाई हा गृहिणीच्या हिशेबातील दोष नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, हे त्या आवाजाने ठणकावून सांगितले.

१९/
दुसरी वाट शांत होती. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेतून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत अशी : शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपसात वाटून घेतात. दुकान नाही, सजावट नाही, उधारी नाही. हमाली-मोजणीचा मोठा भाग सभासदच उचलतात.

२०/
बारकाईने पाहिले तर ही आगोटीचीच शहरी बहीण. घाऊक घेणे, आधी ठरवून घेणे आणि श्रम वाटून घेणे ही तिन्ही तत्त्वे गावच्या ओट्यावरचीच. फरक एवढाच की सावडीतले नाते जातीचे आणि भावकीचे होते, तर संघातील नाते ओळखीचे आणि नियमांचे. जिथे शेजार आयता मिळत नाही, तिथे तो घडवावा लागतो, हे मुंबईच्या मध्यमवर्गाने यातून जाणले.

२१/
आजचे तळोजे वेगळे आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते. सिडकोच्या इमारतींत महाराष्ट्राच्या आणि देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे राहतात. घर लहान, अंगण नाही, घराचा हप्ता मोठा. पंधरा दिवसांच्या शिलकीवर चालणारे घर लहान पुडीत तेल-साबण घेते, आणि लहान पुडीत किलोमागे दर बहुधा अधिकच पडतो. गरिबाला महाग पडणारी ही खरेदी म्हणजे जुन्या दिढीचे सौम्य रूप म्हणता येईल.

२२/
तरीही आगोट संपलेली नाही. उन्हाळ्यात मसाला कांडपाच्या गिरण्यांसमोर रांगा लागतात. सुक्या मासळीच्या बाजारात मे महिन्यात वर्षाची खरेदी होते. महिला बचत गट पापड, कुरडया, मसाले करून विकतात. घाटावरून आलेली कुटुंबे वर्षाचा गहू-ज्वारी एकदम भरतात आणि आगरी शेजारणीकडून जवळा वाळवायला शिकतात. एका मजल्यावरील चार घरांनी मिळून तांदळाचे पोते घेतले, तर चढ्या दराच्या सुट्या खरेदीतून चौघांचीही सुटका होते.

२३/
काटकसर हा नेहमी वैयक्तिक गुण म्हणून शिकवला जातो : अंथरूण पाहून पाय पसरावे. तळोज्याचा इतिहास त्या म्हणीत थोडी भर घालतो. आगोट भरणाऱ्या बाईकडे चातुर्य होतेच. पण त्याशिवाय तिच्याकडे वाळवायला अंगण, पिकवायला शेत, मासळी देणारी स्वच्छ खाडी आणि सावडीला येणाऱ्या नऊजणी होत्या. यांतले एकेक काढून घेतल्यावर तेच चातुर्य तोकडे पडले, आणि दोष मात्र तिच्या हिशेबाला लावला गेला.

२४/
यंदाही मेच्या अखेरीस तळोज्याच्या एखाद्या गच्चीवर जुन्या साडीवर मिरच्या पसरल्या जातील आणि ढग दिसताच कोणीतरी धावत वर जाईल. त्या साडीखाली सिमेंट आहे. सिमेंटच्या जागी कधीकाळी भाताचे खाचर होते. त्या खाचराची नोंद सातबाऱ्यावर सापडेल. त्यातून भरलेल्या कणगीची नोंद फक्त घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत उरली आहे, आणि ती त्यांच्याकडून लिहून घ्यायची असेल तर त्यालाही आगोटीसारखीच वेळेची मर्यादा आहे.

(समाप्त)